आधी बादली, मग बरणी, शेवटी दगड

पाठ्यपुस्तकातला क्रम ठरलेला असतो: आधी खडक, मग माती, आणि वर्ष सरता सरता जमलंच तर कंपोस्ट. धड्यासाठी तो ठीक आहे. पण मुलांनी हाताने करून बघायचं असेल तर क्रम नेमका उलटा लावावा लागतो. दगडाची परीक्षा तासाभरात आटपते, मातीची बरणी दोन दिवस घेते आणि कंपोस्टची बादली अडीच-तीन महिने. म्हणून पहिल्याच दिवशी बादली भरायची, त्याच आठवड्यात बरणी हलवायची आणि खत पिकेपर्यंतचा वेळ दगडांना द्यायचा.

सुरू करण्याआधी प्रत्येकाला एक वही द्या. तिच्यात एकच नियम: आधी अंदाज, मग मोजमाप. अंदाज पेनाने लिहायचा. पेन्सिलीने लिहिला की उत्तर कळल्यावर तो गुपचूप दुरुस्त होतो, आणि चुकलेला अंदाज हीच तर शिकण्याची जागा असते.

बादली

पाच-सहा मुलांना झाकणाची २० लिटरची एक बादली पुरते. बुडाला ८-१० आणि बाजूंना तीन ओळींत २५-३० भोकं पाडा, ६ ते ८ मिमीची. ड्रिल मोठ्या माणसाने चालवायचं, भोकं कुठे पाडायची याच्या खुणा मुलांनी करायच्या. बादली दोन विटांवर ठेवा आणि खाली ताट सरकवा. थेट जमिनीवर टेकवली तर बुडाची भोकं बंद होतात, आणि पुढच्या निम्म्या तक्रारी त्यातूनच येतात.

तळाशी बोटाएवढ्या जाडीच्या काटक्यांचा ५ सेंमी थर द्या. त्यावर मगाने मोजून अडीच-तीन मग सुका पालापाचोळा, एक मग ओला कचरा, पुन्हा सुकं, पुन्हा ओलं. मध्ये दोन मुठी जुनं खत किंवा बागेतली माती टाका, म्हणजे सूक्ष्मजीवांचं विरजण लागतं. कचऱ्याचे तुकडे २-३ सेंमीचे असावेत. लवकर कुजेल म्हणून काहीजण कचरा मिक्सरमधून काढतात. त्याने काम बिघडतं, कारण लगदा घट्ट बसतो, हवा कोंडते आणि चौथ्या दिवशी झाकण उघडवत नाही.

अडीच-तीनास एक हे प्रमाण आलं कुठून, हे मोठ्या मुलांना सांगायलाच हवं. कुजवणाऱ्या जिवाणूंना नायट्रोजनच्या २५ ते ३० पट कार्बन लागतो. कार्बन हे त्यांचं जळण, नायट्रोजन हे अंग बांधायचं सामान. सुक्या पानांत हे गुणोत्तर साधारण ५०-६० असतं, भाजीच्या देठा-सालींत १५-२०. दोन्ही मिसळले की मधला आकडा मिळतो. लाकडाच्या भुशात मात्र ते काहीशेवर जातं, म्हणून भुसा चिमटीने टाकायचा, मगाने नाही.

शिजवलेलं, तेलकट, मांस-मासे, दुधाचे पदार्थ, कुत्र्या-मांजरांची विष्ठा आणि रोग लागलेली झाडं यातलं काही बादलीत जाणार नाही. ही यादी झाकणावरच चिकटवा.

ओलावा तपासायला यंत्र लागत नाही. मूठभर घेऊन जोरात पिळायचं. बोटांतून एक-दोन थेंब आले तर बरोबर. धार लागली तर जास्त, मूठ उघडताच गोळा फुटला तर कमी. ही परीक्षा प्रत्येक मुलाने स्वतः द्यावी, कारण "ओलसर" या शब्दाचा अर्थ कुणी सांगून कळत नाही.

दर चार-पाच दिवसांनी ढवळायचं. त्याआधी आतलं तापमान आणि सावलीतल्या हवेचं तापमान, दोन्ही घ्यायचे आणि आलेख काढायचा. इथे मुलांची निराशा होण्याची दाट शक्यता असते. वाफाळणारा ढीग त्यांनी चित्रफितीत पाहिलेला असतो. ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापायला ढीग साधारण एक घनमीटरचा लागतो. लहान बादलीत उष्णता तयार होते, पण बाजूंनी निसटून जाते, त्यामुळे पारा हवेपेक्षा काही अंशच वर चढतो. कमी तापतं म्हणजे कुजत नाही असं नव्हे, फक्त हळू कुजतं. हे आधीच सांगून ठेवलं की तो काही अंशांचा फरकही मुलं कौतुकाने नोंदवतात.

बिघाड बहुतेक वेळा नाकाला आधी कळतो. सडक्या अंड्यासारखा वास आला तर हवा कमी पडली आहे: सगळं उपसा, सुका पाला मिसळा, काटक्यांचा थर पुन्हा रचा. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे ओला कचरा जास्त झाला, तिथेही उपाय सुक्या पाल्याचाच. तीन आठवडे काहीच हललं नाही आणि मुंग्या फिरू लागल्या तर बादली कोरडी आहे. चिलटं दिसली तर ओल्या कचऱ्यावर ३-५ सेंमी सुक्या पाल्याचं पांघरूण राहिलेलं नाही. पांढरी बुरशी किंवा राखेसारखा करडा थर दिसला की मुलं "खराब झालं" म्हणून ओरडतात. खराब झालेलं नसतं, ते कामगार असतात. पण त्यांच्या बीजाणूंवर नाक न्यायचं नाही. ढवळण्याआधी थोडं पाणी शिंपडा, आणि दम्याचा त्रास असलेल्या मुलाला ढवळायला नको, आलेखाचं काम द्या.

आता या सगळ्यातला सर्वांत मोलाचा प्रश्न. बादलीच्या आत दर आठवड्याला पातळीची खूण करा. दोन महिन्यांत पातळी निम्म्यावर किंवा त्याहीखाली येते. बाकीचं गेलं कुठे? "मातीने खाल्लं", "खाली झिरपलं", "किड्यांनी नेलं", अशी उत्तरं वहीत येऊ द्या. खरं उत्तर हवेत आहे: बराचसा कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो आणि पाणी वाफ होऊन.

हे दाखवायला बाटलीच्या तोंडाला फुगा लावायचा प्रयोग सगळीकडे सुचवला जातो. तो फसवा आहे. हवा असताना जिवाणू जेवढा ऑक्सिजन घेतात जवळजवळ तेवढाच कार्बन डायऑक्साइड सोडतात. आतलं आकारमान बदलत नाही, मग फुगा फुगेल कशाने? फुगलाच तर आतला ऑक्सिजन संपून सडणं सुरू झाल्यावर. म्हणजे फुगा नीट चाललेल्या कामाची नाही, बिघडलेल्या कामाची खबर देतो.

त्याऐवजी चुन्याची निवळी वापरा. लिटरभर पाण्यात एक चमचा विझवलेला चुना घालून हलवा, रात्रभर ठेवा आणि वरचं नितळ पाणी काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून बूच लावा. बाटली अर्धवट भरली तर आतल्या हवेनेच निवळीवर साय धरते. हे काम मोठ्यांनी, चष्मा लावून करायचं, चुन्याचं पाणी डोळ्यात जाता कामा नये. काही ठिकाणी मुलांना नळीने निवळीत फुंकायला लावतात. एखादं मूल फुंकण्याऐवजी ओढतं, म्हणून ते टाळलेलं बरं.

आठ-दहा दिवस मुरलेलं मिश्रण अर्धा किलो घ्या आणि झाकणाच्या पारदर्शक डब्यात पसरा. मध्ये ३०-४० मिली निवळीची वाटी ठेवून झाकण घट्ट लावा. शेजारी तसाच दुसरा डबा ठेवा, त्यात फक्त निवळीची वाटी. हा दुसरा डबा वगळू नका, साध्या हवेतही थोडा कार्बन डायऑक्साइड असतोच. एक-दोन तासांत पहिल्या वाटीवर पांढरी साय दिसू लागते, कडेला बोट लावलं तर पापुद्र्यासारखी तडकते. दुसरी वाटी जवळजवळ तशीच नितळ असते. ही साय कॅल्शियम कार्बोनेटची आहे. चुनखडीचा दगड ज्याचा बनतो तेच हे. दुसऱ्या दिवशी निवळी ओतून टाका, वाटीत थोडं पाणी फिरवून तेही टाका आणि उरलेली साय तशीच वाळू द्या. ती दगडांच्या वेळी लागणार आहे.

बरणी

मातीच्या बरणीचा प्रयोग बहुतेकांनी पाहिलेला असतो आणि बहुतेकांचा चुकलेला असतो. थर दिसतात, पण त्यातून काढलेले आकडे खोटे असतात.

माती उन्हात पूर्ण वाळवा, ढेकळं लाटण्याने फोडा आणि २ मिमीच्या चाळणीतून काढा. सरळ बाजूंची बरणी एक तृतीयांश भरा. निमुळत्या बरणीत थरांची जाडी मोजून उपयोग नाही. त्यात एक चमचा धुण्याचा सोडा टाका आणि वर २ सेंमी जागा सोडून पाणी भरा. सोडा कशाला? चिकणमातीचे कण एकमेकांना धरून गठ्ठ्याने बसतात आणि गाळाचं सोंग घेतात. सोडा त्यांना सुटं करतो. भांड्यांचा साबण वापरला तर फेसामुळे वरचा थरच दिसत नाही. आता बरणी पाच मिनिटं हलवायची, घड्याळ लावून. मुलांना एक मिनिटातच पाच मिनिटं झाल्यासारखी वाटतात, म्हणून जोडीजोडीने पाळ्या लावा.

बरणी ठेवल्यापासून एका मिनिटाने पहिली खूण: रेती बसली. दोन तासांनी दुसरी: गाळ. पाणी निवळल्यावर, म्हणजे एक-दोन दिवसांनी, तिसरी: चिकणमाती. या वेळा मनाने ठरवलेल्या नाहीत. रेतीचा सर्वांत बारीक कण ०.०५ मिमीचा, त्याला १० सेंमी उतरायला पाऊण मिनिट लागतं. गाळाची खालची हद्द ०.००२ मिमी, आणि तेवढ्या कणाला तेच अंतर कापायला आठेक तास लागतात. म्हणजे दोन तासांच्या खुणेनंतरही थोडा बारीक गाळ उतरतच असतो. शिवाय चिकणमातीचा थर पाण्याने फुगलेला असतो. दोन्ही चुका चिकणमातीचा आकडा वाढवतात. हे मुलांना सांगून टाका. मोजमापाची चूक कुठल्या बाजूला झुकते हे कळणं आकड्यापेक्षा मोठं आहे.

समजा रेती २४ मिमी, गाळ १८ आणि चिकणमाती ८ आली. एकूण ५०, म्हणजे ४८, ३६ आणि १६ टक्के. ही पोयट्याची माती झाली. आता तीच माती ओली करून मळा आणि अंगठा व तर्जनीमध्ये दाबत पट्टी काढा. २.५ सेंमी होण्याआधी तुटली तर पोयटा, २.५ ते ५ पर्यंत टिकली तर चिकण पोयटा, ५ च्या पुढे गेली तर चिकणमाती. बरणी आणि बोट यांचं जमलं नाही तर बहुतेकदा बरणी कमी हलवलेली असते.

वर काही तरंगत असेल तर ते सेंद्रिय आहे, ते थरांत धरायचं नाही.

मातीत हवा किती असते, यासाठी १०० मिली कोरड्या मातीवर मोजून १०० मिली पाणी हळूहळू ओता. मुलांचा अंदाज २०० असतो, भांडं मात्र दीडशेच्या आसपास थांबतं. बुडबुडे येतात ती आत भरलेली हवा. चांगल्या मातीचं जवळजवळ निम्मं आकारमान अशी पोकळी असते, काही पाण्याची, काही हवेची. बादलीत हवा लागते तशी इथेही लागते, हा धागा मुलं बहुतेकदा स्वतःच पकडतात.

ढेकळाची परीक्षा मात्र सगळ्यांत देखणी, आणि खर्च काहीच नाही. दोन ठिकाणची सुपारीएवढी वाळलेली ढेकळं आणा: एक वारंवार खणलेल्या उघड्या जागेतलं, एक गवताच्या मुळांखालचं, कित्येक वर्षं न हलवलेलं. दोन ग्लास पाण्याने भरा आणि तोंडाशी जाळी टांगून एकाच वेळी दोन्ही ढेकळं पाण्यात सोडा. पहिलं ढेकूळ क्षणभर तसंच राहतं, मग एका कडेतून बुडबुडा सुटतो, त्याच जागी भेग पडते आणि धुरासारखी माती खाली झरू लागते. दोन-तीन मिनिटांत जाळी बहुधा रिकामी. दुसरंही बुडबुडे सोडतं, पण तासानंतरही जाळीवर बसून असतं आणि पाणी बऱ्यापैकी स्वच्छ राहतं. आत शिरणारं पाणी हवेला कोंडतं आणि ती कोंडलेली हवा ढेकूळ फोडते. मुळांचा, बुरशीच्या धाग्यांचा आणि जिवाणूंच्या चिकट स्रावाचा डिंक जिथे आहे तिथे ते तग धरतं. ढेकळं पूर्ण वाळलेली हवीत. ओली घेतली तर आत हवाच कमी असते, दोन्ही टिकतात आणि फरक दिसत नाही.

गांडुळांची बरणी करायची तर रेती आणि मातीचे आलटून पालटून थर द्या, ओलावा राखा आणि बाहेरून काळा कागद गुंडाळा. दोन आठवड्यांत थर मिसळलेले दिसतात, मग गांडुळं जिथून आणली तिथेच सोडायची. चार्ल्स डार्विनने गांडुळांवरचा पहिला निबंध १८३७ मध्ये वाचला आणि त्यांच्यावरचं पुस्तक १८८१ मध्ये काढलं. जमिनीवर पडलेले दगड काळाच्या ओघात मातीखाली का जातात, याचं उत्तर त्याला गांडुळांनी वर आणून टाकलेल्या मातीत सापडलं होतं.

दगड

नावं पाठ करून घेऊ नका. पंधरा-वीस दगड समोर ओता आणि मुलांना हवे तसे गट पाडू द्या. रंगाने पाडतील. मग दोन पांढरे खडे द्या, एक गारगोटीचा आणि एक कॅल्साइटचा (चुनखडीतलं मुख्य खनिज), म्हणजे रंगावरचा भरवसा तिथेच संपतो.

फ्रीड्रिख मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये खनिजांच्या काठिण्याची १ ते १० अशी मोजपट्टी मांडली: शंखजिरे १, हिरा १०. घरातली हत्यारं तिच्यावर अशी बसतात: नख २.५, लोखंडी खिळा साधारण ४ ते ५, काच ५.५. कॅल्साइट ३ वर, खिळ्याने चरा पडतो. गारगोटी ७ वर, ती उलट काचेलाच चरा पाडते. काच टेबलावर सपाट ठेवायची, हातात धरायची नाही. चरा पडला की नाही हे ओलं बोट फिरवून बघा. पुसलं गेलं तर ती खिळ्याची पूड, चरा नव्हे. दगडाची बाहेरची झिजलेली कातडी मऊ असते, म्हणून ताजा फुटलेला भाग घ्या. दगड फोडायचा तर जाड कापडात गुंडाळून, डोळ्यांना चष्मा लावून, आणि हातोडा मोठ्यांच्याच हातात.

एक गोची इथे हमखास होते. वालुकाश्म खिळ्याने खरवडला जातो, मग मुलं त्याला मऊ ठरवतात. खरं तर त्यातले रेतीचे कण बहुधा गारगोटीचेच, म्हणजे कठीण असतात. सुटतं ते त्यांना धरून ठेवणारं सिमेंट. काठिण्य खनिजाचं असतं, खडकाचं नाही.

फरशीच्या मागच्या, चकाकी नसलेल्या बाजूवर दगड ओढला की त्याचा कस उमटतो. काळसर चकचकीत हेमॅटाइटची रेघ तांबूस तपकिरी येते, आणि तो रंग मुलांनी लाल मातीत आधी पाहिलेला असतो, लोखंडाच्या ऑक्साइडचा. गारगोटीची रेघ पांढरी दिसली तर ती फरशीची पूड आहे.

वजनाने ओळखायचं असेल तर दगडाचं वजन करा, समजा २४० ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा आणि दोऱ्याला बांधलेला दगड पाण्यात पूर्ण बुडवून अधांतरी धरा. काटा ८४ दाखवतो, तर दगडाचं आकारमान ८४ घनसेंमी. २४० भागिले ८४, घनता २.८६, म्हणजे बेसाल्ट असायला हरकत नाही, तो २.८ ते ३.० मध्ये असतो. ग्रॅनाइट २.६-२.७. दगड तळाला टेकला की आकडा फुगतो, आणि एकूण एक मूल तो टेकवतंच.

खडकांचं चक्र दाखवायला रंगीत मेणाचे खडू किसून, दाबून, वितळवून दाखवतात. गंमत येते, पण रूपांतरित खडक म्हणजे अर्धवट वितळलेला खडक अशी समजूत डोक्यात बसते. तो बदल घन अवस्थेतच होतो, उष्णता आणि दाबाने. वितळला की तो अग्निजन्यांच्या वाटेला लागला. त्यापेक्षा तुरटी बरी. २०० मिली गरम पाण्यात ६० ग्रॅम तुरटी विरघळवून दोन पेल्यांत ओता. एक बर्फाच्या पाण्यात ठेवा, दुसरा टॉवेलात गुंडाळून न हलवता रात्रभर. पहिल्यात बारीक रवा जमतो, दुसऱ्यात मोठे टोकदार स्फटिक. लाव्हा जमिनीवर झटपट थंड होतो म्हणून बेसाल्टचे कण डोळ्यांना दिसत नाहीत. ग्रॅनाइट खोलवर सावकाश थंड होतो म्हणून त्याचे दिसतात.

आता व्हिनेगर. चुनखडीच्या ताज्या भागावर थेंब टाका, फेस येतो. गारगोटीवर काही होत नाही. डोलोमाइट हा चुनखडीसारखाच दिसणारा, मॅग्नेशियम असलेला दगड आधी गप्प बसतो, खरवडून पूड केली की हलकेच फसफसतो. मग ती जपून ठेवलेली वाटी काढा. वाळलेल्या सायीवर एक थेंब टाकून भिंग धरा. बारीक बुडबुडे सुटताना दिसतात. पानातला कार्बन जिवाणूंमधून हवेत, हवेतून निवळीत येऊन दगडाचा झाला होता, तो पुन्हा हवेत निघाला. खडक, माती आणि खत एकत्र का शिकायचं, याचं उत्तर त्या एका थेंबात आहे.

तोवर बादलीतलं खत गडद, भुसभुशीत आणि पहिल्या पावसासारख्या वासाचं झालेलं असतं. तरी लगेच वापरू नका. एक भाग खत आणि तीन भाग माती एका कुंडीत, नुसती माती दुसरीत, आणि दोन्हींत मुळ्याच्या दहा-दहा बिया. आठवड्याने मोजा. खताच्या कुंडीत कमी उगवल्या किंवा रोपं पिवळी पडली तर खत कच्चं आहे. ते अजून तीन-चार आठवडे सावलीत झाकून ठेवा आणि पुन्हा दहा बिया टाकून बघा.